जंगली प्राण्यांची वाट वाचायची कशी: हालचालींमागचं 'का' आणि 'कसं' शोधण्याचा क्रम

बहुतेक निरीक्षकांच्या वहीत नोंद अशी असते: 'चार हरणं, पाणवठ्याजवळ, सकाळी ७'. नोंद खरी असते, पण त्या हरणांबद्दल तिच्यातून फार थोडं कळतं. ती कुठून आली, पाणी पिऊन कुणीकडे गेली, जवळचा दुसरा पाणवठा सोडून इथेच का आली, यातलं काहीच वहीत नसतं. चालायला ताकद लागते, उघड्यावर यायला जिवाचा धोका पत्करावा लागतो. तरीही जनावर हलतं, कारण जागेवर थांबणं त्याला त्याहून महाग पडतं. हा हिशेब ओळखता आला की साध्या पाऊलखुणेतूनही बरंच काही कळू लागतं.

त्यासाठी महागडी साधनं लागत नाहीत, कामाचा क्रम मात्र लागतो. पुढे तो दिला आहे. काही पायऱ्या चटकन उरकणाऱ्या आहेत. पहिली आणि चौथी मात्र सावकाश करा, कारण निष्कर्ष बहुतेक वेळा तिथेच चुकतात.

पायरी १: आधी काळाचं माप ठरवा

एकच कोल्हा तासाभरात उंदरामागे धावतो, वर्षभरात ठरावीक परिसरात फिरतो आणि आयुष्यात एकदा जन्मस्थळ कायमचं सोडतो. या तिन्ही हालचालींची कारणं वेगळी आहेत. म्हणून 'हा प्राणी का फिरतो?' असा मोघम प्रश्न घेऊन बाहेर पडू नका. तुम्ही तासांचा विचार करताय, ऋतूंचा की आयुष्याचा, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहा. मग तुमचा प्रश्न पुढच्या चारपैकी कोणत्या प्रकारात बसतो ते पाहा.

पहिला प्रकार रोजचा वावर. अन्न, पाणी, सावली, लपायची जागा यांच्यामधल्या फेऱ्या. याचं सर्वांत प्रचंड उदाहरण समुद्रात आहे. प्राणिप्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म प्राणी, संध्याकाळी पृष्ठभागाकडे चढतात आणि पहाट होण्याआधी पुन्हा खोल उतरतात. खाणं वर असतं, पण उजेडात नजरेने शिकार करणारे मासेही वरच असतात. म्हणून चरणं रात्री आणि लपणं दिवसा. एकूण वजनाचा विचार केला तर पृथ्वीवर रोज होणारी ही सर्वांत मोठी हालचाल आहे.

दुसरा प्रकार स्थलांतर, म्हणजे ऋतूप्रमाणे जाणं आणि परत येणं. पूर्व आफ्रिकेच्या सेरेंगेटी-मारा प्रदेशातले सुमारे १३ लाख विल्डबीस्ट (गवत खाणारे, गाईसारखे दिसणारे प्राणी) पावसामागे फिरतात, हे आपण ऐकलेलं असतं. पण विणीच्या काळात ते दक्षिणेकडच्या आखूड गवताच्या मैदानांवरच का जमतात? तिथली माती ज्वालामुखीच्या राखेची आहे आणि त्या गवतात फॉस्फरस, कॅल्शियम भरपूर असतं. दूध पाजणाऱ्या माद्यांना नेमकं तेच हवं असतं. पण त्या मैदानांवर बारमाही पाणी नाही. पाऊस ओसरला की चांगलं गवत मागे टाकून निघावंच लागतं. अमेरिकेतल्या वायोमिंगमध्ये म्यूल हरणांचे कळप रेड डेझर्टपासून होबॅक खोऱ्यापर्यंत सुमारे २४० किलोमीटर जातात. वसंतात कोवळं गवत आधी सखल भागात उगवतं आणि मग हळूहळू उंचावर. हरणं त्या हिरवाईच्या लाटेबरोबर सरकत राहतात, कारण कोवळं गवत पचतं चांगलं आणि वाढलेलं गवत नुसतंच पोट भरतं.

तिसरा प्रकार पांगणं. वयात आलेलं जनावर जन्मस्थळ सोडून स्वतःची हद्द शोधायला निघतं. २०१८ मध्ये नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरची एक तरुण आर्क्टिक कोल्हीण समुद्राच्या बर्फावरून ग्रीनलंड पार करून कॅनडाच्या एल्समीर बेटावर पोहोचली. ३,५०६ किलोमीटर, ७६ दिवसांत. २०१९ मध्ये टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला कॉलरधारी तरुण वाघ शेतं, वस्त्या, रस्ते ओलांडत १,३०० किलोमीटरहून अधिक चालून ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. असा प्राणी अनोळखी ठिकाणी दिसला की लोक त्याला 'भरकटलेला' म्हणतात. मला हा शब्द खटकतो. तो हरवलेला नसतो. त्या वयात त्याने जे करायला हवं तेच तो करत असतो.

चौथा प्रकार भटकंती. मंगोलियातली गॅझेल हरणं अफाट गवताळ प्रदेशात कधी कुठे असतील याचा ठरावीक मार्ग नसतो, कारण तिथे पाऊसच दरवर्षी वेगळीकडे पडतो. अशा प्राण्याचा एका वर्षाचा नकाशा काढून 'हा त्यांचा मार्ग' म्हणणं धोक्याचं आहे.

पायरी २: प्रत्येक हालचालीला चार प्रश्न विचारा

२००८ साली संशोधक रॅन नेथन आणि सहकाऱ्यांनी प्राण्यांच्या हालचालींच्या अभ्यासासाठी एक चौकट मांडली. वहीत चार रकाने आखायला ती फार उपयोगी पडते. प्राण्याच्या आतली गरज काय (भूक, तहान, वीण, भीती)? त्याचं शरीर कसं आणि किती हलू शकतं? त्याला दिशा कशी कळते? आणि बाहेरची परिस्थिती काय आहे (वारा, पाणी, शिकारी, कुंपण)?

दुसऱ्या रकान्यासाठी बार-टेल्ड गॉडविट या किनारपक्ष्याचं उदाहरण लक्षात ठेवावं. २०२२ मध्ये जेमतेम पाच महिन्यांचं एक पिल्लू अलास्काहून उडालं आणि कुठेही न उतरता ११ दिवसांनी टास्मानियाला पोहोचलं. अंतर १३,५६० किलोमीटर. निघण्याआधी हे पक्षी शरीरात प्रचंड चरबी साठवतात आणि त्याच वेळी त्यांची आतडी आणि जठर आकसतं. उड्डाणात काही खायचं नाही, मग पचनसंस्थेचं ओझं कशाला?

तिसऱ्या रकान्यात घाई करू नका. दिशा ओळखण्याची साधनं प्राण्यागणिक बदलतात. १९६० च्या दशकात स्टीफन एमलेन यांनी इंडिगो बंटिंग पक्षी तारांगणात ठेवून दाखवलं की ते ध्रुवताऱ्याभोवती फिरणाऱ्या आकाशावरून उत्तर ओळखायला शिकतात. लॉगरहेड या समुद्री कासवांची नुकती अंड्यातून निघालेली पिल्लं पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रावरून दिशा धरतात. सामन मासे वासाच्या आठवणीवर आपल्या जन्माच्या ओढ्यात परततात. सहारातल्या वाळवंटी मुंग्या पावलांचा हिशेब ठेवतात: २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात परतीच्या वाटेवर त्यांच्या पायांना काड्या चिकटवून पाय लांब केले, तर त्या वारुळाच्या पुढे निघून गेल्या, पाय तोकडे केले तर अलीकडेच थांबून वारूळ शोधू लागल्या.

त्यातही वाट उपजत आहे की शिकलेली, हे वेगळं पाहावं लागतं. कोकिळाकुळातल्या युरोपीय कुकूचं पिल्लू परक्या घरट्यात वाढतं, खरे आईबाप आधीच आफ्रिकेकडे निघून गेलेले असतात, आणि तरीही ते एकटं योग्य दिशेने जातं. उलट अमेरिकेत बिगहॉर्न या रानमेंढ्या नव्या डोंगरांवर नेऊन सोडल्या, तर त्यातल्या बहुतेकींनी सुरुवातीची वर्षं स्थलांतर केलंच नाही. कळपाला तिथली वाट कळायला कित्येक दशकं गेली, कारण ती मोठ्यांकडून धाकट्यांकडे शिकत जाते. याचा अर्थ असा की अशा प्रजातीतल्या अनुभवी माद्या मारल्या गेल्या तर त्यांच्याबरोबर वाटही जाते. पुन्हा जनावरं आणून सोडली म्हणून ती लगेच परत येत नाही.

पायरी ३: घरी बसून नकाशा तयार करा

मैदानात जाण्याआधी उपग्रहचित्र किंवा उंचीच्या रेषा असलेला नकाशा घ्या. क्यूजीआयएस हे संगणकावरचं मोफत साधन पुरेसं आहे. कागदावर पेन्सिलनेही काम होतं. पाणी, खाद्य, आडोसा आणि अडथळे चार रंगांत दाखवा. पाणवठ्यांपुढे ते कोणत्या महिन्यापर्यंत टिकतात ते लिहा. मग दोन गरजांच्या जागा जोडणाऱ्या, कमी चढाच्या आणि जास्त आडोशाच्या वाटा आखा. डोंगररांगेतली खिंड, कोरड्या ओढ्याचं पात्र, दोन झाडोऱ्यांमधला अरुंद पट्टा अशा ठिकाणी वाटा एकवटतात. त्यांतल्या पाच-सहा जागा तपासायला निवडा.

शिवाय तुमच्या मते प्राणी जाणार नाही अशाही दोन-तीन जागा मुद्दाम निवडा आणि तिथेही तितकाच वेळ द्या. ही गोष्ट बहुतेक जण टाळतात. पण फक्त अपेक्षित जागीच पाहिलं तर अपेक्षित तेच दिसणार, आणि आपला अंदाज बरोबर होता की नाही हे कधीच कळणार नाही.

पायरी ४: जमिनीवरचा माग वाचा

सकाळी लवकर किंवा दुपार उतरल्यावर जा. सूर्य कललेला असतो तेव्हा ठशाच्या कडांची सावली पडते आणि खोली दिसते. ठसा तुमच्या आणि सूर्याच्या मधे येईल असे उभे राहा. वाटेच्या कडेने चाला, ठशांवरून नाही.

आधी ठसा कोणाचा ते पाहा. मार्जारकुळातल्या प्राण्यांच्या ठशात सहसा नखं उमटत नाहीत आणि तळव्याच्या मागच्या कडेला तीन फुगवटे दिसतात. कुत्रा-कोल्ह्यांच्या ठशात नखं उमटतात आणि बोटं व तळवा यांमधल्या जागेतून फुलीसारख्या रेषा काढता येतात. चित्त्याची नखं मात्र उमटतात, म्हणून एकाच खुणेवर कधी विसंबू नका. ठशाचं वरून छायाचित्र घ्या आणि शेजारी मोजपट्टी ठेवा. नाहीतर नंतर आकाराचा अंदाज करता येत नाही.

मग चाल ओळखा. एकटा ठसा प्राणी सांगतो. चाल कळायला ठशांची ओळ लागते. एकाच पायाच्या लागोपाठच्या दोन ठशांमधलं अंतर मोजा. शांत चालीत मागचा पाय पुढच्याच्या ठशावर किंवा त्याच्या जवळ पडतो. चाल वाढली की मागचा पाय पुढच्या ठशाच्याही पुढे जातो. उधळलेल्या जनावराचे चारही ठसे एकेका गटात येतात, मधे मोठी मोकळी जागा असते आणि माती मागे उडालेली दिसते. ज्या ठिकाणी चाल बदलली तिथे थांबा. शांत चालीतून एकदम धाव सुरू झाली असेल, तर तिथे काहीतरी घडलंय. वीस-तीस पावलांच्या घेऱ्यात दुसऱ्या प्राण्याचा माग शोधा, वाऱ्याची दिशा आठवा, माणसांची वाट जवळ आहे का पाहा. या एका सवयीने मला प्राण्यांच्या वागण्याबद्दल जितकं शिकवलं तितकं दुसऱ्या कशानेही नाही.

ठशाचं वय सांगणं सर्वांत अवघड. ताज्या ठशाच्या कडा धारदार असतात, हळूहळू त्या कोसळतात. ठशावरून किड्यांच्या रेघा गेल्या असतील तर तो रात्रीच्या वर्दळीआधीचा असू शकतो. पावसाच्या थेंबांचे खळगे ठशात आहेत की ठशाखाली दबलेत, हे पाहिलं की पावसाच्या आधीचा की नंतरचा ते कळतं. पण ओलसर मातीत आणि कोरड्या वाळूत ठसा वेगवेगळ्या वेगाने जुना होतो. म्हणून शेजारी स्वतःची मूठ दाबून ठसा करा, वेळ लिहा आणि काही तासांनी येऊन तुलना करा. प्रत्येक नव्या जागी हे करावंच लागतं.

माग तुटला तर पुढे धावू नका. शेवटच्या ठशाजवळ काडी रोवा, चालीच्या अंतरावरून पुढचं पाऊल कुठे पडलं असेल ते तपासा, आणि नाहीच मिळालं तर काडीभोवती वाढते वळसे घ्या. विष्ठा, मूत्राचा फवारा, झाडावरचे नखांचे ओरखडे, खाल्लेल्या फांद्या, लोळण घेतलेली जागा हे सगळं त्याच ओळीवर नोंदवा.

आणि शक्य तितक्या वेळा माग उलटा काढा, म्हणजे प्राणी जिकडून आला तिकडे जा. वाट तितकीच कळते, प्राण्याला तुम्ही पुढे ढकलत नाही आणि झुडपामागे अचानक गाठ पडण्याची शक्यता कमी होते. मोठे मांसाहारी, हत्ती किंवा अस्वल असलेल्या भागात जाणकार सोबतीशिवाय आणि वनखात्याच्या परवानगीशिवाय माग काढायला जाऊ नका. घरट्याकडे किंवा बिळाकडे जाणारा माग दुरूनच सोडून द्या.

पायरी ५: कॅमेरा ट्रॅप लावायचा तर असा

कॅमेरा ट्रॅप म्हणजे प्राणी समोरून गेला की आपोआप छायाचित्र टिपणारा कॅमेरा. वनखात्याची परवानगी हातात आल्यावर तो मध्यम आकाराच्या प्राण्यांसाठी जमिनीपासून ३० ते ५० सेंटीमीटर उंचीवर, वाटेपासून तीन ते पाच मीटरवर, वाटेला तिरका लावा. उगवत्या-मावळत्या सूर्याकडे तोंड नको. समोरचं हलणारं गवत काढा, तारीख आणि वेळ दोनदा तपासा.

या कॅमेऱ्यांतला संवेदक उष्णतेतला फरक आणि हालचाल टिपतो. त्यामुळे परिसर आणि प्राण्याचं अंग सारखंच तापलेलं असेल तर तो चुकतो, आणि सरपटणारे प्राणी त्याच्यातून बरेचदा सुटतात. 'छायाचित्र नाही' म्हणजे 'प्राणी नाही' असं नव्हे. एकाच प्रजातीची अर्ध्या तासाच्या आतली छायाचित्रं एकच भेट म्हणून मोजण्याची पद्धत आहे. नाहीतर कॅमेऱ्यासमोर रेंगाळणारं एक माकड आकडे फुगवतं. प्रत्येक भेटीसोबत प्राणी कुठल्या दिशेने जात होता ते लिहा. हा रकाना लोक विसरतात आणि हालचालीच्या अभ्यासात तोच सर्वांत मोलाचा असतो.

पायरी ६: टॅगच्या नोंदी स्वतः उघडून पाहा

१८९९ मध्ये डेन्मार्कच्या हान्स मॉर्टेन्सन यांनी मैनाकुळातल्या स्टार्लिंगच्या पायात क्रमांकाची कडी घातली, तेव्हा एका पक्ष्याबद्दल फार तर दोन जागा कळत: कडी घातली ती आणि पक्षी पुन्हा सापडला ती. आज प्राण्याच्या अंगावर बसवलेलं छोटं यंत्र, म्हणजे जीपीएस टॅग, काही मीटरच्या अचूकतेने दर तासाची जागा देतं. टॅगचं वजन प्राण्याच्या वजनाच्या ३ ते ५ टक्क्यांपेक्षा जास्त नसावं, असा संकेत आहे. टॅग लावणं हे प्रशिक्षित संशोधकांचंच काम. पण त्यांनी खुल्या केलेल्या नोंदी कोणालाही वाचता येतात. जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थेचं मूव्हबँक हे संकेतस्थळ त्यासाठी मोफत आहे.

एका प्राण्याची वर्षभराची फाइल उतरवून घ्या. पहिल्या नोंदीपासून प्रत्येक नोंदीचं सरळ अंतर काढा आणि आडव्या अक्षावर तारीख, उभ्यावर ते अंतर असा आलेख काढा. साध्या स्प्रेडशीटमध्ये हे होतं. रेषा खालीच घुटमळत राहिली तर प्राणी एका परिसरात राहणारा. वर चढून काही महिने तिथे थांबली आणि पुन्हा खाली आली तर स्थलांतर. चढली आणि वरच राहिली तर पांगणं. कुठेच न ठरता वरखाली होत राहिली तर भटकंती. पहिल्या पायरीतले चार प्रकार डोळ्यांपुढे उभे करणारा यापेक्षा सोपा मार्ग मला माहीत नाही.

आता सावधगिरी. दोन नोंदींमध्ये सहा तास असतील तर मधली सगळी वळणं गायब होतात आणि प्राणी प्रत्यक्षापेक्षा कमी चालल्यासारखा दिसतो. उलट नोंद दर मिनिटाची असेल तर जीपीएसच्या छोट्या चुका जमत जातात आणि झोपलेला प्राणीही किलोमीटरभर फिरल्याचं दिसतं. दाट झाडीखाली नोंदी अधिक हुकतात, त्यामुळे जंगलप्रिय प्राणीही मोकळ्या जागेत जास्त असल्याचा भास होतो. म्हणून 'रोज किती चालतो' हा आकडा सांगताना नोंदींमधला अवधी सोबत सांगा.

पायरी ७: जे अडतं ते शोधा

प्राणी कुठे गेला यापेक्षा कुठे वळला किंवा थबकला, हे पाहायची सवय लावा. कुंपणाला समांतर धावणारे ठसे, रस्त्याच्या कडेपर्यंत येऊन मागे फिरलेला माग, कालव्याच्या काठावरची तुडवलेली माती अशा जागांना स्वतंत्र खूण द्या.

अडथळा नेहमी तारेचा नसतो. २०१८ मध्ये ५७ सस्तन प्रजातींच्या ८०३ प्राण्यांच्या जीपीएस नोंदी तपासल्या, तेव्हा माणसाचा वावर जास्त असलेल्या भागांत त्यांची हालचाल नैसर्गिक भागांच्या तुलनेत निम्म्यापासून एक-तृतीयांशापर्यंत घटलेली आढळली. त्याच वर्षीच्या दुसऱ्या अभ्यासात ६२ सस्तन प्रजाती माणसाजवळ राहताना अधिक निशाचर होतात असं दिसलं. म्हणून दिवसा शांत वाटणारी वाट रात्रीही तपासल्याशिवाय 'वापरात नाही' असं लिहू नका.

अडथळा काढल्यावर काय होईल, हेही गृहीत धरू नका. आफ्रिकेतल्या बोट्स्वानात १९६८ ते २००४ या काळात एका कुंपणाने ओकावांगो आणि मकगाडिकगाडी या दोन प्रदेशांमधली झेब्र्यांची वाट बंद केली होती. जुनी वाट स्वतः चाललेला झेब्रा ३६ वर्षांनी हयात असणं जवळपास अशक्य. तरी कुंपण निघाल्यावर काही वर्षांतच झेब्रे ती वाट पुन्हा चालू लागले. चेक-जर्मन सीमेवरच्या शुमावा डोंगरात मात्र विजेचं कुंपण जाऊन कित्येक वर्षं लोटली, तरी तांबडी हरणं ती गेलेली रेषा टाळत होती. पिल्लं आईमागे चालतात आणि आई जिथे वळली तिथेच वळतात.

कॅनडातल्या बॅन्फ राष्ट्रीय उद्यानात महामार्गाला कुंपण घालून त्यावर ६ पूल आणि त्याखाली ३८ भुयारी वाटा केल्या. वाहनांशी होणाऱ्या टकरी ८० टक्क्यांहून जास्त घटल्या. पण ग्रिझली अस्वलांसारख्या सावध प्राण्यांना त्या वाटा आपल्याशा करायला पाच वर्षांपर्यंत काळ लागला. तुमच्या परिसरात रस्ता होणार असेल, तर आराखड्याच्या टप्प्यावरच नोंदी संबंधित खात्याकडे द्या: नेमकी जागा, प्रजाती, महिना, वेळ, दिशा, आणि किती दिवस पाहूनही काही दिसलं नाही तो आकडासुद्धा. दुर्मीळ प्राण्यांच्या अचूक जागा मात्र जाहीरपणे टाकू नका. शिकारीही त्या वाचतात. आणि भुयारी वाट बांधून झाल्यावर पहिल्या हंगामातल्या रिकाम्या कॅमेऱ्यावरून ती फसली असं ठरवू नका. किमान पाच वर्षं, त्याच महिन्यांत, त्याच जागी नोंद सुरू ठेवा.